जेवणाच्या वेळची गाळणी

जेवायला बसण्याआधी वानखड्यांच्या घरी तिघंही जण कानात गाळणी घालायचे. हात धुवायचेच, पण हात धुवायचे विसरले तर ऋतुजा, म्हणजे घरातली आई, एकवेळ दुर्लक्ष करायची; गाळणी विसरली तर ताटच वाढायची नाही. टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी स्टीलची एक वाटी असायची. तिच्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या गाळण्यांच्या तीन जोड्या. दोन्ही कानांत एकेक दाणा टाकला की अमरावतीतलं ते घर शांत व्हायचं, आणि मगच भाकरी तव्यावरून उतरायची.

ही गाळणी काय भानगड आहे ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. कागदोपत्री तिचं नाव 'सौम्यश्रवण यंत्र'. असलं नाव कुणाच्या जिभेवर बसतंय? लोकांनी पहिल्याच महिन्यात तिची गाळणी करून टाकली. तत्त्व साधं आहे. आपल्या बोलण्यात दोन गोष्टी असतात. काय सांगायचंय ते एक. त्याला शास्त्रज्ञ 'आशय' म्हणतात. आणि सांगता सांगता समोरच्याला आपण जे ओरबाडतो ते दुसरं; त्याला म्हणतात 'धार'. 'भाजी संपव' हा आशय. 'आयतं गिळायला मिळतंय म्हणून माज आलाय' ही धार. गाळणी कानाचं दार बंद करते, बाहेरचं बोलणं आधी स्वतः ऐकते, त्यातली धार काढते आणि उरलेला आशय त्याच माणसाच्या आवाजात आणि बोलीत आत सोडते. सगळं पापणी लवायच्या आत. ओठांची हालचाल आणि शब्द जुळत नाहीत, पण आठवड्याभरात मेंदू त्याकडे काणाडोळा करायला शिकतो. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की गाळणी ऐकणाऱ्याच्या कानात असते. बोलणाऱ्याच्या तोंडाला काहीही लावलेलं नसतं.

सोहम वानखडे सूत्रसंचालक होता. सत्कार, वर्धापनदिन, लग्नाचे स्वागतसमारंभ, कुठेही माईकसमोर उभा राहिला की तोंडातून नुसती साखर. यंत्रं सगळी कामं करायला लागली तरी सत्काराला माणूसच लागतो, असं लोकांना अजून वाटत होतं, म्हणून त्याचं बरं चाललं होतं. आलेल्या प्रत्येकाला 'आदरणीय' म्हणायचं, नगरसेवकाच्या मेहुण्याला 'कर्तबगार' म्हणायचं, ठरलेल्या वेळेच्या दुप्पट बोलणाऱ्या पाहुण्याला हसतमुखाने आवरायचं. दिवसभर असं गोड बोलून बोलून माणूस घरी येतो तेव्हा त्याच्या तोंडाला काय चव असेल, ते तुम्हीच ठरवा.

त्याची मुलगी इंदुमती पंधरा वर्षांची. पणजीच्या वेळची नावं तेव्हा पुन्हा फॅशनमध्ये आली होती; तिच्या वर्गात दोन यमुना आणि एक द्वारका होती. इंदूला बाराव्या वर्षापासून ताटात चिवडायची सवय लागली. वांग्याचं देठ बाजूला, मिरची बाजूला, सांभाराचं पान न् पान बाजूला. सांभार म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्यांसाठी सांगून ठेवतो. सोहमला ते बघवायचं नाही. तो एक बोलायचा, ती दोन बोलायची. स्टेजवर शुद्ध तुपातली मराठी बोलणारा हा माणूस चिडला की सरळ वऱ्हाडीवर यायचा. एकदा तिने ताट ढकललं आणि कढी त्याच्या कार्यक्रमाच्या जाकिटावर सांडली. त्यानंतर ती कितीतरी दिवस खोलीत दार लावून जेवली. ऋतुजा ताटं घेऊन आत-बाहेर करून थकली आणि एका संध्याकाळी गाळण्या घेऊनच आली.

पहिला आठवडा स्वर्ग होता. सोहम म्हणायचा, "काय चिवडत बसली वं? कोंबडी हायेस का?" इंदूच्या कानात जायचं, "इंदू, भाजी आवडली नाई का वं?" ती म्हणायची, "आवडली बाबा. जरा तिखट आहे." ऋतुजाच्याही कानात गाळणी, त्यामुळे तिला आपला नवरा एकदम समंजस झाल्याचं समाधान. तिने शेजारणीला सांगितलंसुद्धा, की सोहम आता जेवताना इतकं छान बोलतो, इंदूची विचारपूस करतो.

खरं म्हणजे इथेच थांबायला हवं होतं. पण सोहमच्या लक्षात एक गोष्ट आली. आपण काहीही बोललो तरी पोरगी मान हलवते आणि गोडच उत्तर देते. मग त्याने जरा जास्त बोलून पाहिलं. तरी तेच. मग आणखी जास्त. गाळणी नव्हती तेव्हा निदान समोरचा चेहरा उतरलेला बघून तो कुठेतरी जीभ आवरायचा. आता आवरायचं कशाला? कुणाला लागतच नव्हतं. आणि खोटं कशाला बोलू, त्याला मजा यायला लागली. आयोजकाने मान दिला नाही, पाहुणा उशिरा आला, माईक मधेच बंद पडला, सगळ्याची भडास इंदूच्या ताटावर. तिच्या चेहऱ्यावरच्या फोडांवरून, दुसरी भाकरी मागण्यावरून, चालण्यावरून, मार्कांवरून. तिच्या 'हो बाबा'वर तर त्याचा विश्वासच नव्हता. ही आत काय काय शिव्या घालत असेल आणि माझी गाळणी मला 'हो बाबा' ऐकवते, असं त्याला वाटायचं. त्या न ऐकलेल्या शिव्यांनाही तो उत्तरं द्यायचा.

एका शनिवारी जेवताना इंदूने दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाचं विचारलं. सोहमच्या कार्यक्रमांना बायको-मुलगी पहिल्या रांगेत बसायच्या, ही त्यांच्या घरची पद्धत. ती लहान असल्यापासूनची. तिने विचारलं, "बाबा, उद्या मी पिवळा ड्रेस घालू?"

सोहम भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "काई घाल. तोंड कुठं लपवशीन? समोरच्या रांगेत तू बसली असली का मले लाज वाटते. हे माही पोट्टी हाय, असं कोणाले सांगाव?"

इंदू म्हणाली, "बरं बाबा." ती पाणी प्यायली. ऋतुजा हसून म्हणाली, "पिवळा छान दिसतो तिला," कारण तिला तसंच काहीतरी ऐकू आलं होतं.

रविवारी सकाळी सांस्कृतिक भवनात सत्कार होता तो नेमका डॉ. नीलोफर काझी यांचा. गाळणी ज्यांच्या प्रयोगशाळेतून निघाली त्या या बाई. मूळच्या परतवाड्याच्या, म्हणून अमरावतीकरांना त्यांचा भारी अभिमान. कार्यक्रमाआधी स्टेजमागच्या खोलीत सोहम त्यांना चहा घेऊन भेटला. पाहुण्यांशी दोन शब्द बोलून घ्यायचे, म्हणजे परिचय करून देताना जिव्हाळा वाटतो, हा त्याच्या धंद्याचा रिवाज.

"मॅडम, तुमच्यामुळे आमच्या घरात माणसं एका टेबलावर जेवायला लागली," तो म्हणाला. "आधी मुलगी ताट फेकायची."

"आणि आता?"

"आता काय, सगळे सुखी. ती तिच्या जागी, मी मोकळा. मनात येईल ते बोलून टाकतो. तिला गोडच ऐकू जातं."

काझीबाईंनी कप खाली ठेवला. "मनात येईल ते म्हणजे?"

सोहम हसला. "म्हणजे आता, बापाच्या तोंडाला येतं ते. तुम्हाला काय सांगायचं."

"गाळणी नव्हती तेव्हाही असंच बोलायचात?"

"छे. तेव्हा जरा सांभाळून बोलायला लागायचं."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "वानखडे, आम्ही ऐकणाऱ्यांचे हजारो कान तपासले. झोप सुधारते का, भूक सुधारते का, भांडणं कमी होतात का. सगळं सुधारलं. पण बोलणाऱ्याच्या जिभेचं पुढे काय होतं, ते तपासायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. आता ठिकठिकाणचे लोक मला अगदी तुमच्यासारखं हसत हसत सांगतात. मला त्याची भीती वाटायला लागलीय."

सोहमने ते शास्त्रज्ञांचं नेहमीचं बारीक चिंता करणं समजून सोडून दिलं. तेवढ्यात बोलावणं आलं, तो स्टेजवर गेला आणि माईक हातात घेतला. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. परिचय करून देताना तो रंगात आला होता. "ज्यांनी शब्दांचे काटे काढून घराघरांत फुलं पोचवली," असं म्हणत त्याने सवयीने पहिल्या रांगेकडे पाहिलं.

ऋतुजा बसली होती. शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स होती आणि ती मागे वळून कुणाला तरी हाताने बोलावत होती. सोहमने तिच्या हाताच्या रोखाने पाहिलं. इंदू अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळ, पिवळ्या ड्रेसमध्ये बसली होती आणि आईला मानेनेच नको नको करत होती. सोहमचं लक्ष आपल्याकडे आहे हे पाहून तिने मान खाली घातली. मग सभागृहात टाळ्या झाल्या तेव्हा तिनेही टाळ्या वाजवल्या.

सोहमच्या तोंडातून पुढचं वाक्य आलं नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. लोकांना वाटलं, भावुक झाला. त्याने कसाबसा कागद बघून कार्यक्रम पुढे रेटला, पण डोक्यात एकच. ही मागे का बसली? काल रात्री मी जे म्हणालो ते तिला ऐकू कसं जाईल?

कार्यक्रम संपला, शाली-श्रीफळं झाली, लोक अल्पोपहाराकडे वळले. सोहमने काझीबाईंना बाजूला गाठलं. त्याला विचारायला जड जात होतं, पण विचारलं. "मॅडम, समजा मी मुलीला म्हणालो की तू समोरच्या रांगेत बसलीस की मला लाज वाटते. तर गाळणी तिला काय ऐकवेल? मागे बस, असं काही ऐकवेल का?"

"नाही. त्या वाक्यात आशयच नाही. नुसती धार आहे. अशा वाक्यात गाळायला बसलं तर खाली काहीच उरत नाही. मग यंत्र त्या विषयाला धरून एखादं निरुपद्रवी वाक्य टाकतं. 'उद्या येतेस ना कार्यक्रमाला', असं काहीतरी." बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "वाक्य समजा म्हणून विचारताय, की खरोखर बोललात?"

"बोललो."

"आणि ती?"

"मागे बसली."

काझीबाईंच्या हातात अजून सत्काराचा नारळ होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मग तिच्या कानात गाळणी नव्हती. दुसरा अर्थ निघत नाही, वानखडे. मला वाईट वाटतं."

"काल विसरली असेल," सोहम म्हणाला. त्याला ते खरं असावंसं वाटत होतं, आणि आपण स्वतःलाच थाप मारतोय हेही कळत होतं.

घरी येताना गाडी सोहमच चालवत होता. सोहम मागच्या कित्येक महिन्यांतली वाक्यं आठवत होता. फोडं. ढेपेवानी बसणं. तुह्या वयाच्या पोरी कुठं गेल्या आन् तू कुठं. एकेक वाक्य आठवायचं आणि त्याला वाटायचं, निदान हे तरी तिने ऐकलं नसावं. मग त्याच्याहून वाईट आठवायचं. आरशात त्याला मागच्या सीटवर इंदू दिसत होती, खिडकीबाहेर बघत बसलेली. त्याने आरसा जरासा फिरवून ठेवला.

दुपारी ऋतुजाने पानं वाढली आणि वाटी पुढे केली. सोहमने वाटीवर हात ठेवला.

"आज नको," तो म्हणाला. "आज तसंच बसू."

ऋतुजा त्याच्याकडे बघायला लागली. इंदू मात्र दचकली नाही. तेवढ्यावरूनच त्याला सगळं कळलं, तरी त्याने विचारलं, "इंदू, तू गाळणी कधीपासून घालत नाहीस?"

"दिवाळीपासून," ती म्हणाली. "कान दुखत होता ना, तेव्हा काही दिवस काढून ठेवली होती. वाटीतून जोडी उचलायची, कानाला लावल्यासारखं करायचं आणि खिशात टाकायची. कुणी बघत नाही."

"दिवाळीपासून?" ऋतुजा म्हणाली. "मग कान बरा झाल्यावर घालायची ना. काय फरक पडतो? बाबा तर किती छान..." ती मधेच थांबली. तिने सोहमकडे पाहिलं. "तू काय बोलायचास?"

सोहमने पाण्याचा पेला पुढे ओढला. ऋतुजाने इंदूला विचारलं, "काय बोलायचा गं?"

"राहू दे ना आई."

"सोहम, काय बोलायचास जेवताना?"

ते सांगणं त्याच्यावरच आलं. माईकवर हजारो लोकांसमोर बोलणाऱ्या माणसाला स्वतःच्या टेबलावर एक वाक्य बोलता येईना. त्याने कालचं वाक्य सांगितलं. खाली बघून, आवाज न चढवता, पण शब्द न् शब्द तोच. लाज वाटते मले. कोणाले सांगाव. आपलंच बोलणं चारचौघांत वाचून दाखवायला लावावं तसं त्याला झालं.

ऋतुजाच्या हातातला चमचा तसाच राहिला. "आणि मी इथे बसून भाकऱ्या वाढत होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, पिवळा छान दिसतो तिला. इंदू, मी हसले होते ना गं तेव्हा?"

"तुला कुठं माहीत होतं, आई."

सोहमने विचारलं, "मग तू एकदाही उलट का नाही बोललीस? का माझ्या गाळणीने..."

"नाही बाबा. मी जे बोलायचे तेच तुम्हाला ऐकू यायचं. मी 'हो बाबा'च म्हणायचे."

हे तर त्याला आणखीच लागलं. ज्या शिव्यांना तो इतके महिने उत्तरं देत होता, त्या कुणी दिल्याच नव्हत्या. समोर एक पोरगी नुसती 'हो बाबा' म्हणत ऐकून घेत होती आणि तो तिला सोलत होता.

"कान बरा झाला होता, तर घालायची होतीस ना परत," तो म्हणाला. त्यात थोडी विनवणीच होती, जणू तिने तेव्हा गाळणी घातली असती तर त्याचं तोंड वाचलं असतं.

इंदूने जरा विचार केला. "त्या गाळणीत तुम्ही खूप चांगलं बोलायचात. पण ते तुम्ही नव्हता. मला वाटलं, रोज ऐकत राहिले तर एखाद्या दिवशी तुम्ही आपणहून काहीतरी चांगलं बोलाल. ते चुकायला नको म्हणून नाही घातली."

कुणी जेवत नव्हतं. सोहमने खुर्ची मागे सरकवली, उभा राहिला, आणि बोलला. तो चांगला बोलला. म्हणाला, "इंदुमती, माझ्या शब्दांनी तुझ्या मनाला ज्या यातना झाल्या, त्यांबद्दल मी तुझी अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो. बाप म्हणून मी कमी पडलो. तू माझा अभिमान आहेस आणि यापुढे तुझं स्थान नेहमी पहिल्या रांगेतच राहील." वाक्यं आपोआप जुळत गेली, आवाज योग्य जागी खाली आला. बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं की हे आभारप्रदर्शन झालंय. पण गाडी उताराला लागली होती, थांबेना.

इंदूने सगळं ऐकून घेतलं.

"छान बोललात," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे सोहमला कळलं, म्हणूनच त्याला तोंड लपवायला जागा दिसेना. "पण बाबा, एक विचारू? तुम्ही ते सगळं बोलायचात तेव्हा तुम्हाला वाटायचं की मला ऐकू येत नाही. आता तुम्हाला माहीत आहे की ऐकू येतंय. मग यातलं खरं कुठलं धरायचं?"

ती खरोखर विचारत होती. गणितात अडलं की विचारायची तसं. ऋतुजानेही सोहमकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं. 'आताचं खरं' असं म्हणायचं होतं, पण ते कुणीही म्हणालं असतं. खोटं बोलणाराही हेच म्हणाला असता. त्याने तोंड मिटलं आणि बसला.

इंदूने जरा वाट पाहिली. मग तिने हात लांब करून वाटी ओढली, आपली जोडी उचलली आणि एकेक करून दोन्ही कानांत घातली. या वेळी नीट, आतपर्यंत.

"मी दमले बाबा," ती म्हणाली. "मला भूक लागलीय. मला आज नीट जेवायचंय."

तेव्हा कुठे सोहमला शब्द फुटले. स्टेजवरचे नव्हते. तुटत तुटत आले. "इंदू, मी लय वाईट वागलो वं. काऊन वागलो ते मले माहीत नाही. मले तुही लाज नाही वाटत, पोरी. कधीच नव्हती. मले माहीच लाज वाटते."

ऋतुजाने ते उघड्या कानांनी ऐकलं आणि पदराने डोळे पुसले. त्या बोलण्यात गाळण्यासारखं काहीच नव्हतं. निघालं तसंच ते इंदूच्या कानात पोचलं असणार. पण इंदूची नजर ताटात होती, आणि हे आपल्या बाबांचं बोलणं की यंत्राचं, ते तिला कळायला आता मार्ग नव्हता. ती बाबांकडे बघून हसली, रोज हसायची तशी, म्हणाली, "बरं बाबा," आणि ताट पुढे ओढून जेवायला लागली.